७९ वी शिफारस

५ डिसेंबर २०१७. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तान्या डे रेल्वेनं मेलबर्नला निघाल्या होत्या. वय ५५, योर्ता योर्ता या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या. दारू घेतली होती, सीटवरच झोप लागली. कंडक्टरनं पोलिसांना कळवलं. कॅसलमेन स्टेशनवर त्यांना उतरवलं आणि ‘सार्वजनिक ठिकाणी नशेत असणे’ या गुन्ह्याखाली कोठडीत ठेवलं. शुद्धीवर येईपर्यंत, त्यांच्याच काळजीपोटी म्हणे. कोठडीत त्या पडल्या, डोकं भिंतीवर आपटलं. मेंदूत रक्तस्राव होतोय हे जवळजवळ तीन तास कुणाच्या ध्यानात आलं नाही. १७ दिवसांनी त्या गेल्या.

आता पुढचं वाचा. त्यांचे काका हॅरिसन डे १९८२ मध्ये असेच पोलीस कोठडीतून परत आले नव्हते. त्यांच्याही अटकेमागे नशेबद्दलचा न भरलेला दंड होता. कोठडीतल्या मूळनिवासींच्या ज्या ९९ मृत्यूंची रॉयल कमिशननं १९८७ ते १९९१ या काळात चौकशी केली, त्यांत हा एक. कमिशननं ३३९ शिफारशी केल्या. त्यातली ७९ वी साधी होती: नशेत असणं हा गुन्हा जिथे अजून आहे, तिथे तो रद्द करा.

व्हिक्टोरियात तो रद्द झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. ३२ वर्षांनी, आणि तोही तान्यांच्या मुलांनी सरकारची पाठ सोडली नाही म्हणून.

आयोग, अहवाल, शिफारशी हे शब्द सीमाभागात कुणाला शिकवावे लागत नाहीत. पण तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे अहवाल कुणी फेटाळला नाही, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. फक्त पोलीस आणि तुरुंग राज्यांच्या हातात, शिफारशींना मुदत नाही, आणि नाही पाळल्या तर जाब कुणाला विचारायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. आपला मानवी हक्क आयोगही शेवटी शिफारसच करू शकतो.

त्या कमिशनचा एक निष्कर्ष सरकारी बाजूला फार आवडतो: कोठडीत गेल्यावर मूळनिवासी माणूस मरण्याचं प्रमाण इतर कैद्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे भेदभाव नाही, असं म्हणून विषय संपवतात. अरे, पण कमिशन पुढे काय म्हणालं? हे लोक मुळात इतक्या मोठ्या संख्येनं आत जातात, म्हणून इतके मरतात. म्हणून तुरुंग हा शेवटचा उपाय ठेवा. १९९१ मध्ये कैद्यांत मूळनिवासी साधारण १४ टक्के होते. आज एक तृतीयांशाहून जास्त आहेत, आणि लोकसंख्येत ४ टक्केही नाहीत. १९९१ नंतर कोठडीत गेलेल्यांचा आकडा ५०० च्या वर गेला.

तान्यांच्या प्रकरणात २०२० मध्ये कोरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यानं, सांगितलं की हा मृत्यू टाळता आला असता आणि गुन्हा घडला असण्याची शक्यता आहे. प्रकरण सरकारी अभियोक्त्यांकडे गेलं. त्यांनी खटला न भरण्याचं ठरवलं. आणि कोरोनरसाठी पुरावे गोळा करणारे कोण होते? व्हिक्टोरियाचे पोलीसच. पोलिसांचा तपास पोलिसांनी करू नये, ही मागणी घेऊन ती मुलं आजवर लढत आली आहेत.