जड झालेले स्टिअरिंग

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील एक प्रसंग या सदरात लिहावा की न लिहावा, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. त्यात माझी बाजू फारशी भूषणावह नाही. परंतु आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या दारात बारा-पंधरा वर्षांची, जीव लावलेली गाडी उभी असते आणि ती चालविणारा बहुधा माझ्यासारखाच साठी ओलांडलेला गृहस्थ असतो. त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

आमची गाडी 2006 सालची. बँकेच्या कर्मचारी कर्जातून घेतलेली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, 2021 मध्ये, तिची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. त्या वेळी मुलाने ती विकण्याविषयी सुचविले होते, पण मी ऐकले नाही. मुलगा नोकरीनिमित्त रत्नागिरीस असतो. सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू सांगलीस आमच्याजवळ राहतात. नातवाला शाळेत सोडणे-आणणे सूनबाई याच गाडीने करते.

फेब्रुवारीत तिने मला प्रथम सांगितले, "अण्णा, गाडी वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतो. सकाळी जास्त येतो." मी म्हणालो, "स्टिअरिंग अगदी टोकापर्यंत वळवून धरू नकोस, म्हणजे येणार नाही." सल्ला चुकीचा नव्हता. तसे धरून ठेवल्यास पंपावर ताण येतोच. पण मी तो सल्ला तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिला नव्हता, प्रश्न मिटविण्यासाठी दिला होता. आठवड्याभराने पोर्चच्या फरशीवर तांबूस डाग दिसला. तेव्हा मात्र मी गॅरेजमध्ये गेलो.

मेस्त्रींनी गाडी वर उचलून खालून बोट फिरविले आणि ते ओले बोट मला दाखविले. "साहेब, जास्त दाबाची नळी जोडापाशी पाझरते आहे. बदलून घ्या. दोन हजार आठशेपर्यंत जाईल, माल कोल्हापूरहून मागवावा लागेल." मी विचारले, "सध्या ऑइल भरून चालेल का?" ते म्हणाले, "चालेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही." मी ऑइल भरून घेतले आणि एक बाटली सोबत आणली. त्यांनी बिलाच्या खाली लिहिले, "स्टिअरिंग होज लीक. बदलणे." ते बिल मी गाडीच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवून दिले. त्यानंतर दर पंधरवड्यास बॉनेट उघडून थोडे ऑइल ओतणे हा माझा नेम झाला. घरात मी याविषयी कोणाशी बोललो नाही.

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे शाखांच्या तपासणीचे काम होते. एखाद्या शाखेत रोजच्या ताळ्यात लहानशी तफावत निघे आणि ती शोधून काढण्याऐवजी सस्पेन्स खात्यात टाकून पुढे ओढली जाई. अशा शाखाधिकाऱ्यांविषयी मी अहवालात कठोर शेरे लिहीत असे. रक्कम लहान असली तरी ती का निघाली हे कळले नाही, तर ती उद्या किती होईल हे कोणालाच सांगता येत नाही, असे माझे म्हणणे असे. निवृत्तीनंतर मी स्वतःच्या पोर्चमध्ये नेमके तेच करीत होतो.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि सूनबाई व नातवाला रत्नागिरीस पोहोचविण्याचे ठरले. सौभाग्यवतीही निघाल्या. कोल्हापूर झाले, मलकापूर मागे पडले. आंबा गावाच्या अलीकडे एका डाव्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी असे जड झाले की क्षणभर ते अडकलेच, असे मला वाटले. गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस सरकू लागली. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती वळली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेग कमी केला, हे आमचे भाग्य.

येथे यंत्राची थोडी माहिती सांगणे अगत्याचे आहे, कारण ती असती तर त्या क्षणी मी इतका घाबरलो नसतो. जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप ऑइलला दाब देतो. ते ऑइल नळीतून स्टिअरिंगच्या रॅकपर्यंत जाते आणि आपण ज्या दिशेस वळवू त्या दिशेस ढकलून आपल्याला साहाय्य करते. नळी फुटली, पट्टा तुटला किंवा पंप निकामी झाला तर हे साहाय्य थांबते. परंतु स्टिअरिंगचा दांडा आणि पुढची चाके यांचा लोखंडी जोड तसाच राहतो. म्हणजे गाडी वळते, फक्त सगळा जोर आपल्याला लावावा लागतो. हा जडपणा वेगात कमी जाणवतो आणि हळू चालताना, वळणावर किंवा गाडी लावताना अधिक जाणवतो. त्यामुळे सरळ हमरस्त्यावर बिघाड कळतही नाही आणि पहिल्याच वळणावर धक्का बसतो.

माझ्या पिढीतील वाचक म्हणतील, "आम्ही अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट चालविल्या, त्यांना कुठे पॉवर स्टिअरिंग होते?" मीही मनात तेच म्हटले. पण ही तुलना बरोबर नाही. त्या गाड्यांचे स्टिअरिंग आकाराने मोठे असे आणि तेवढ्याच वळणासाठी ते अधिक फिरवावे लागे. त्यामुळे मनुष्यबळ पुरे पडे. पॉवर स्टिअरिंगची गाडी मुळातच साहाय्य गृहीत धरून बनविलेली असते. ते साहाय्य गेल्यावर ती जुन्या साध्या गाडीपेक्षा जड लागते.

म्हणून असा प्रसंग आल्यास काय करावे, ते क्रमाने सांगतो. प्रथम, स्टिअरिंग दोन्ही हातांनी, समोरासमोर, घट्ट धरावे. ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा, ब्रेक हळूहळू लावावा. इंजिन चालू असेल तर ब्रेक नेहमीप्रमाणे लागतात. वळण्यास नेहमीपेक्षा आधी सुरुवात करावी. धोक्याचे दिवे लावून डाव्या बाजूस सपाट जागी थांबावे. गाडी चालत असताना किल्ली कदापि काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. चालता चालता इंजिनच बंद पडले असेल तर स्टिअरिंगबरोबर ब्रेकचे साहाय्यही संपत येते. एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, पुढे पाय जोरात दाबावा लागतो. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नये, एकदाच दाबून धरावा. बॅटरीचा लाल दिवा लागलेला असेल तर बहुधा पट्टा तुटलेला असतो. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही असतो, म्हणून तापमानाचा काटा पाहावा आणि इंजिन लगेच बंद करावे.

आंबा गावाजवळ एका चहाच्या टपरीसमोर मी गाडी उभी केली. बॉनेट उघडून उरलेले अर्धी बाटली ऑइल ओतले आणि इंजिन सुरू केले. ओतलेले सारे ऑइल दोन मिनिटांत खालच्या मातीत उतरले. तरीही, वाचकहो, मला लिहिताना संकोच होतो, मी म्हणालो, "ब्रेक चांगले आहेत. पुढे उतारच आहे. हळूहळू घाट उतरून साखरप्यात मेस्त्री पाहू."

खरे तर घाटाचा उतार हीच त्या अवस्थेत सर्वांत वाईट वाट होती. एकामागून एक वळणे, प्रत्येक वळणावर पूर्ण जोर आणि साठी ओलांडलेले हात. शिवाय सांडलेले ऑइल इंजिनाच्या तापलेल्या भागावर पडले तर पेट घेण्याची भीती असते आणि ऑइलविना फिरणारा पंप आतून झिजून जातो. हे सारे मला नंतर कळले. त्या वेळी मला केवळ हे दिसत होते की घरच्यांसमोर माझी गाडी बंद पडली आहे.

विम्याबरोबर रस्त्यावरील मदतीची सोय होती. तो क्रमांक शोधण्यासाठी सूनबाईने फोल्डर उघडले. विम्याच्या कागदाआधी तिच्या हाती ते बिल आले. तिने तारीख पाहिली, खालची ओळ वाचली आणि कागद पुन्हा जागेवर ठेवला. ती काहीच बोलली नाही. मग गाडीचे मागचे दार उघडून तिने नातवाला खाली घेतले, त्याची पिशवी काढली आणि म्हणाली, "अण्णा, मी आणि हा इथून एसटीने जातो. तुम्हीही गाडीत बसू नका."

सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हे तुम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते का?" मी उत्तर दिले नाही. पाऊण तासाने रत्नागिरीची एसटी आली. तिघेही तिच्यात बसले. नातू खिडकीतून हात हलवीत होता. मी टपरीवर गाडी उचलून नेणाऱ्या वाहनाची वाट पाहत तीन तास बसलो. एवढ्या वर्षांत इतरांविषयी लिहिलेले शेरे त्या तीन तासांत मला एकेक करून आठवले.

एक उपयुक्त गोष्ट येथे नोंदवितो. अशी गाडी दोर बांधून ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड असते आणि ब्रेकलाही साहाय्य नसते. मागच्या गाडीत बसलेल्याच्या हाती फारसे काही राहत नाही. सपाट फळीच्या वाहनावर चढवून नेणे हाच सुरक्षित मार्ग.

गॅरेजमध्ये नळी जोडापाशी सुटलेली आढळली. कोरडा फिरल्याने पंपही गेला होता. नळी, पंप, पट्टा, जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरणे, पुढची चाके अधांतरी ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवून आतील हवा काढणे, असे सारे मिळून 15,600 रुपये झाले. दोन हजार आठशेंचे काम पुढे ढकलण्याचे हे व्याज. परंतु त्या वळणावरचा ट्रक या हिशेबात कोठे लिहावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

अनेक वाचकांच्या गाड्यांत आता विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीत ते प्रथम 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडीत आले. त्यात ऑइल नसते, त्यामुळे डागही पडत नाही. तेथे सूचना मिळते ती डॅशबोर्डवरील स्टिअरिंगच्या चित्राच्या दिव्याने. बॅटरी अशक्त झाली, फ्यूज गेला किंवा जोड सैल झाला तरी हा दिवा लागतो. कधी गाडी थांबवून इंजिन पुन्हा सुरू केल्यावर तो विझतो. विझला म्हणजे दोष गेला, असे समजू नये. तपासणी करून घ्यावी.

ऑइलच्या स्टिअरिंगची गाडी असेल तर महिन्यातून एकदा ऑइलची पातळी पाहावी. ते काळपट, फेसाळ किंवा करपल्या वासाचे असेल तर बदलावे. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. वळवताना कण्हणे, सुरू करताना पट्ट्याची किंचाळी, एकाच बाजूस जड लागणे, फरशीवर डाग, यांपैकी काहीही आढळले तर कारण शोधावे. ही प्रणाली बंदिस्त असते. त्यातील ऑइल वारंवार कमी होत असेल तर ते कोठून तरी बाहेर जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

गाडी नीट होऊन आल्यावर मी एक लहान वही फोल्डरमध्ये ठेवली. ज्याला आवाज ऐकू येईल, डाग दिसेल, त्याने तारखेसह लिहावे आणि पंधरा दिवसांत त्याचा निकाल लागावा, असे ठरले. काम आता करायचे की नंतर, हे मी एकट्याने ठरवायचे नाही, हेही ठरले.

जूनमध्ये सूनबाई परत आली. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने गाडी पोर्चमधून काढली, फाटकापाशी थांबविली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस वळवून कान दिला आणि मला म्हणाली, "अण्णा, आवाज नाही." मग ती नातवाला घेऊन गेली.

त्या बिलाविषयी ती आजवर एका शब्दाने बोललेली नाही. म्हणून ते मीच येथे लिहिले.