‘वय झालं’ हे निदान नव्हे!

उपनगरात माणसाचं खरं वय जिन्यात कळतं. डोंबिवली, मुलुंड, बोरिवली, कुठेही जाऊन बघा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती. तेव्हाच्या तरुण जोडप्यांनी हौसेने सगळ्यात वरचा मजला घेतला. वारा जास्त, डास कमी आणि डोक्यावर कुणाची आदळआपट नाही. गच्ची गळते हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. गुडघे गळतात हे कळायला चाळीस वर्षं लागली.

आता ती जोडपी सत्तरीत आहेत. इमारत पुनर्विकासाला जाणार हे गेली दहा वर्षं ‘नक्की’ आहे. दर वार्षिक सभेत लिफ्टचा विषय निघतो, तळमजल्यावाले खर्चाचा वाटा द्यायला कां कूं करतात, सामोसे संपतात आणि सभाही संपते. मग वरच्या मजल्यावरचे काका स्वतःच तोडगा काढतात. दिवसातून एकदाच खाली उतरायचं. दूध, भाजी, बँक, औषधं, सगळं त्याच फेरीत. चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून मोबाइल बघायचा. मेसेज कुणाचाच आलेला नसतो, पण दम लागल्यामुळे थांबलो हे शेजाऱ्यांना दिसण्यापेक्षा ते बरं!

डॉक्टर म्हणून मला त्या मोबाइल बघण्यात फार रस आहे. काका पाच वर्षांपासून तिथेच थांबत असतील तर एक गोष्ट. पण दिवाळीत न थांबता चढणारे काका होळीपर्यंत दोनदा थांबायला लागले असतील, तर ते वय नव्हे. वय वर्षाला एक या ठरलेल्या दराने वाढतं. चार महिन्यांत दहा वर्षं वाढत नाही. अशा वेळी रक्त कमी झालंय का, हृदय थकलंय का, फुप्फुसांचं काही आहे का, हे बघावंच लागतं. चढताना छातीत दडपण येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर ते गॅसच्या गोळीवर ढकलू नका.

पण होतं काय, की कुठल्याही तक्रारीला एक तयार उत्तर असतं : ‘वय झालं आता!’ रुग्ण स्वतः हे म्हणतो, मुलं म्हणतात आणि वाईट याचं वाटतं की आम्ही डॉक्टरही म्हणतो. तो जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. डावा गुडघा दुखतो म्हणून आजोबा डॉक्टरांकडे गेले. ‘‘आजोबा, वय झालं!’’ डॉक्टर म्हणाले. आजोबा म्हणाले, ‘‘उजवाही त्याच वयाचा आहे. तो बरा दुखत नाही?’’ वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आजोबांचा मुद्दा बिनतोड आहे. वय हे कारण असेल तर ते सगळीकडे सारखं लागू व्हायला हवं.

काही गोष्टी खरोखरच वयाच्या असतात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं बघताना पुरेसं फुगत नाही. मग पेपर लांब, आणखी लांब धरावा लागतो आणि शेवटी डोळे ठीक आहेत पण हात आखूड पडतात, असं वाटायला लागतं. हे कुणालाच चुकत नाही. चष्मा लावायचा आणि पुढे चालायचं.

पण संध्याकाळी समोरून येणाऱ्या रिक्षाच्या दिव्याने डोळे दिपतात, म्हणून कुणी अंधार पडायच्या आत घरी परतत असेल तर? घरचे म्हणतात, ‘‘वयानुसार शहाणपण आलं.’’ अनेकदा शहाणपण नसतं, मोतीबिंदू असतो! तोही वयामुळेच येतो, मान्य. पण त्याची शस्त्रक्रिया सहसा अर्ध्या तासाच्या आत होते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. वयामुळे आलेली प्रत्येक गोष्ट वयाबरोबर सोसलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

कानांची गोष्ट तर याहून गमतीची आणि याहून गंभीर. वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. आपल्या बोलण्यात स्वर बहुतांशी खालच्या पट्टीत आणि स, श, ख, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. सून विचारते, ‘‘साखर किती?’’ काकांना ऐकू येतं ‘‘भाकर किती?’’ काका म्हणतात, ‘‘दोन.’’ आणि मधुमेही काकांच्या चहात दोन चमचे साखर पडते! घरचे मग ओरडून बोलतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी स्पष्ट होत नाहीत; वर काकांना वाटतं, सगळे आपल्यावर खेकसताहेत. हळूहळू काका गप्प बसायला लागतात. चार जणांत जायचं टाळतात. विचारलेल्याला भलतंच उत्तर देतात. आणि एक दिवस घरात निकाल लागतो : साठी बुद्धी नाठी.

बुद्धी जागेवर असते, ऐकणं गेलेलं असतं. पण ते तसंच राहू दिलं, तर बुद्धीलाही धोका आहे. स्मृतिभ्रंशाबद्दल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली, ज्यांवर उपाय करता येतात असे १४ धोक्याचे घटक सांगितले. त्यांत ऐकू कमी येणं हा एक आहे, मोतीबिंदूसारख्या कारणांनी दिसणं कमी होणं हाही एक आहे आणि एकटेपणाही आहे. तरीही चष्मा आपण मिरवतो आणि कानाचं यंत्र मात्र डबीतच ठेवतो. कारण काय, तर ‘‘लोक म्हातारा म्हणतील.’’ दर वाक्याला ‘‘काय म्हणालात?’’ विचारणाऱ्याला लोक तरुण समजतात, असं वाटतं की काय?

हीच गत थकव्याची आणि विसरण्याची. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचं काम मंदावणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांची लक्षणं अगदी ‘वय झाल्या’सारखी दिसतात. यांतलं बरंचसं रक्त तपासून किंवा नीट विचारून कळतं आणि वेळेत कळलं तर सुधारतं. शुद्ध शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि जोडीला रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी हे त्रिकूट आपल्याकडे घरोघरी आहे. तिन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, फक्त बी-१२ तपासायचं का, एवढं विचारा.

आणि विचाराल तेव्हा गोळ्यांची अख्खी पिशवी बरोबर न्या. हृदयाच्या डॉक्टरांनी चार दिल्या, साखरेच्यांनी तीन, हाडांच्यांनी दोन, पुतण्याने अमेरिकेहून व्हिटॅमिनची बरणी पाठवली. वाढवणारे पुष्कळ, कमी करणारा कुणी नाही. रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी आणि रात्री लघवीला उठणं हे एकत्र आलं, की अंधारात, ओल्या फरशीवर घात होतो. झोपेतून तडक उठल्यावर रक्तदाब घसरतो, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, ‘‘या वयात पडायचेच.’’ नाही! पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठणं, न्हाणीघरात पकडायला दांडी, रात्रभर एक बारीक दिवा आणि उभं करून मोजलेला रक्तदाब यांनी बरीच पडझड टळते.

याची उलट बाजूही आहे. वयाच्या साध्या खुणांना आजार म्हणणंही तितकंच वाईट. मणक्याचा एमआरआय काढला की अहवालात ‘झीज’ हा शब्द येतो आणि माणूस घाबरून हालचालच बंद करतो. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही, अशा साठीतल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्येही ती झीज दिसते. ते मणक्याचे पिकलेले केस समजा. सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एखादा आकडा लाल अक्षरांत येणारच. त्या आकड्याला घाबरण्यापेक्षा जिन्यात लागणारा दम जास्त महत्त्वाचा.

स्नायूंबद्दल मात्र चांगली बातमी आहे. तिशीनंतर ते हळूहळू घटत जातात, साठीनंतर वेगाने. पण ते परत कमावता येतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! त्यामुळे पासष्टीत ‘‘आता काय उपयोग?’’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. सकाळचं फिरणं उत्तम, पण तेवढं पुरत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. सुरुवातीला पाचच जमतील. चालेल.

आणि खाली उतरा. मदन कटारिया या डॉक्टरांनी १९९५ साली अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत जेमतेम पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तो जगभर गेला. हसण्याने नेमके कोणते आजार बरे होतात, यावर वाद घाला हवं तर. पण सकाळी साडेसहाला तयार होऊन घराबाहेर पडायचं, चार जणांत उभं राहायचं आणि एक दिवस आला नाहीत तर ‘‘काका, काल कुठे होतात?’’ असं कुणीतरी विचारायचं, यातलं काहीही मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. जिना बंद झाला की हे सगळं बंद होतं. म्हणून लिफ्टचा ठराव हा माझ्या मते आरोग्याचा विषय आहे. तो होईल तेव्हा होवो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक वळणावर दिवा आणि शक्य तिथे वाट न अडवता एक खुर्ची, एवढ्यासाठी पुनर्विकासाची वाट बघायला नको.

पुढच्या वेळी डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर त्यांना दोन प्रश्न विचारा. माझ्या वयाच्या सगळ्यांना हे होतं का? आणि होत असलं, तरी यावर काही करता येईल का? मी म्हणालो, तर मलाही विचारा. फक्त उत्तर ऐकायला कानाचं यंत्र डबीतून काढून, लावून या!