‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

अकोले किंवा जामखेड तालुक्यातला रुग्ण नगरच्या रुग्णालयात येतो, तेव्हा दिवसाची मजुरी बुडवून येतो. खिडकीपलीकडच्या पडद्यावर ‘फाइल नॉट फाउंड’ उमटते आणि उत्तर मिळते, ‘जुना रिपोर्ट नाही, पुन्हा तपासणी करा.’ संगणक मात्र एवढेच सांगत असतो, की दिलेल्या पत्त्यावर फाइल मिळाली नाही.

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. गावे, रस्ते, माणसे जागच्या जागीच राहिली. समजा, सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरचे नाव असेच बदलले, पण सीटी स्कॅनची चित्रे मागवणाऱ्या प्रणालीला ते कळवलेच नाही. ती जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहील. चित्रे सुखरूप, चुकला तो पत्ता.

प्रत्येक अडचण सर्व्हर वेळेसह लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहितो. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’चा अर्थ, त्या मार्गावर त्या नावाचे काही नाही. नाव बदलले असेल, फाइल हलवली किंवा पुसली असेल, अथवा साठवणुकीची डिस्क जोडलीच गेली नसेल. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे प्रोग्रॅमला तिथे जाण्याची परवानगी नाही. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणजे जागा संपली. ‘इनपुट-आउटपुट एरर’ आली तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू न करता आधी माहितीची प्रत काढावी.

ताप हे लक्षण असते, निदान नव्हे. तो कधी सुरू झाला, त्याआधी काय घडले, हे डॉक्टर विचारतात. लॉगमध्येही शेवटची नव्हे, पहिली चूक शोधायची. पहाटे वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू होताना डिस्क जोडली गेली नाही. पुढच्या शेकडो ओळी हा त्याचाच परिणाम असू शकतो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. नोंदी मात्र एका केंद्रीय कोठारात जात नाहीत. जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. तिथला मार्ग तुटला, तर क्रमांक असूनही हाती काही लागत नाही.

म्हणून आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रीजचे तापमान जसे सकाळ-संध्याकाळ लिहितात, तसा लॉगही रोज पाहायला हवा आणि ती जबाबदारी एका नेमून दिलेल्या व्यक्तीची हवी. पडद्यावरचा संदेशही स्वच्छ मराठीत हवा: ‘नोंद सध्या उघडत नाही’. दुसऱ्यांदा सीटी स्कॅन म्हणजे पुन्हा किरणोत्सर्ग आणि पुन्हा खर्च. त्याहून मोठा धोका औषधांचा आहे. न उघडलेल्या नोंदीत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिलेले असेल आणि कुणी ‘ॲलर्जी नाही’ असे समजून इंजेक्शन दिले, तर ती चूक संगणकाची म्हणता येणार नाही.