जुनी होडी घेताना

गेल्या महिन्यात बेळगावहून एका वाचकबंधूंचे पत्र आले. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त पणजीस असतात. सुटीच्या दिवशी मांडवीत गळ टाकावा, बायकोमुलांना घेऊन संथ पाण्यातून चार घटका हिंडावे, या हेतूने त्यांनी एक जुनी होडी पाहून ठेवली आहे. नवी त्यांना परवडणारी नाही. जुनी मात्र रंग देऊन लखलखीत केलेली आहे, आणि विकणारे गृहस्थ ओळखीचे, त्याच चर्चमध्ये मिस्सेला येणारे आहेत. पत्राच्या अखेरीस वडील लिहितात : ''मुलाला पोहता येते, पण सुनेला व दोन्ही नातवंडांना येत नाही. आमचा जन्म विहिरीच्या पाण्यावर गेला. होडी कशी पारखावी हे आम्हांस कोणी शिकविले नाही. आपण चार शब्द लिहाल काय?''

मांडवी बेळगावकरांना तशी परकी नव्हे. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात म्हादई या नावाने जन्मलेली हीच नदी खाली उतरून पणजीस मांडवी होते. परंतु वर जी झऱ्यासारखी वाहते, तिच्यात खाली समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाण्याची पातळी दोन मीटरांहून अधिक वरखाली होते. अशा पाण्यात जी होडी घालावयाची ती डोळ्यांस कशी दिसते याला फारसे महत्त्व नाही.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकावी, ती म्हणजे जुन्या वस्तूची लाज. 1986 साली मोठा दुष्काळ पडून गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा दोघा भावांना चिखलात रुतलेली एक प्राचीन होडी सापडली. ती सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असून प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची आहे, असे संशोधकांनी ठरविले. ती पेत्राची होती असे कोणी म्हणत नाही व म्हणूही नये. पण पेत्र अशाच एखाद्या होडीत बसून जाळे टाकीत असला पाहिजे. तिची पाहणी केली तेव्हा आढळले की ती दहाबारा जातींच्या लाकडांची आहे. काही फळ्या दुसऱ्या होड्यांतून काढून आणलेल्या, तर काही ठिकाणी पुनःपुन्हा ठिगळे दिलेली. गरीब कोळ्याने मिळेल त्या लाकडाने तिला वर्षानुवर्षे जगविले होते. सांगावयाचे तात्पर्य हे, की डागडुजी केलेली होडी वाईट नसते. डागडुजी जिच्यात लपविलेली असते ती होडी वाईट.

आता परीक्षेकडे वळू. होडी पाण्यात असताना सौदा करू नये. ती काठावर ओढून, उलटी करून, उन्हात पाहावी. लाकडाची असल्यास बोथट टोकाचा चाकू बरोबर न्यावा व विकणाऱ्याची परवानगी घेऊन संशयाच्या जागी हलकेच टोचून पाहावे. निरोगी लाकूड टोकाला दाद देत नाही. कुजलेले लाकूड लोण्यासारखे टोक आत घेते. नवख्या माणसाची समजूत अशी असते की होडी बाहेरच्या खाऱ्या पाण्याने कुजते. वस्तुतः खारे पाणी लाकूड बरेच टिकविते. कुजविते ते आत साचलेले पावसाचे गोडे पाणी. म्हणून प्रथम आत पाहावे : आडव्या फासळ्यांच्या बुडाशी, बसण्याच्या फळ्यांखाली, पुढील नाळेच्या कोपऱ्यात आणि मागच्या आडव्या फळीच्या सांध्यांत. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पसरले असतील तर खिळे गंजत आले आहेत असे समजावे.

खाऱ्या पाण्याचा शत्रू निराळा आहे. तो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. त्याला आपण किडा म्हणतो, पण जातीने तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, आणि आत मात्र बोटभर जाडीची बिळे असू शकतात. म्हणून बाहेरील तळ बोटांच्या पेरांनी ठोकीत जावे. पोकळ आवाज आला की तेथे थांबावे. काठावरील जुने लोक काजूच्या टरफलाचे तेल होडीला का चोपडीत आले, हे त्यावरून कळेल.

आणखी एक सूचना. फळ्यांची होडी बरेच दिवस उन्हात राहिली की तिचे सांधे उघडतात. पाण्यात घातल्याबरोबर ती थोडी गळली तर घाबरू नये. एकदोन दिवसांत लाकूड फुगून सांधे मिटतात. दोन दिवसांनंतरही गळती थांबली नाही तर मात्र सौदा सोडावा. म्हणून काठावरील परीक्षा झाली की पाण्यातील परीक्षेस दोन दिवस द्यावेत. ज्या विकणाऱ्याला दोन दिवसांची घाई सोसत नाही त्याची होडी घेऊ नये.

आजकाल फायबरच्या होड्या अधिक आढळतात. त्या कुजत नाहीत अशी समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. फायबरच्या पोटात, विशेषतः ज्या मागच्या फळीवर यंत्र बसवितात तिच्या आत, पुष्कळदा लाकूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरते आणि वरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून भिजून भुसा होते. यंत्र धरून खालीवर हलवावे. फळी लवली किंवा तिच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर खर्च मोठा आहे. तळावर नाण्याने टकटक करीत जावे. टणक आवाज चांगला. बद्द आवाज आला तर थर सुटले आहेत असे जाणावे. सर्वत्र जुना रंग आणि एकाच जागी नवा, असे दिसल्यास तेथे काय झाले होते हे सरळ विचारावे.

यंत्र घेणार असाल तर ते थंड असताना सुरू करून दाखविण्यास सांगावे. आपण पोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल तर हात लावताच कळते. चालू झाल्यावर मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत पडली पाहिजे. खालच्या पेटीतील तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. एवढे पाहून झाल्यावर यंत्र बंद करावे आणि होडी वल्ह्यांनी चालवून पाहावी. नदीत यंत्र बंद पडणे हा अपवाद नव्हे. जी होडी दोन माणसांना वल्हवून ओहोटीविरुद्ध काठास आणता येत नाही ती कुटुंबासाठी फार जड आहे. पहिली होडी लहान, रुंद बुडाची व सावकाश चालणारी असावी. वेगाची हौस दुसऱ्या होडीच्या वेळी भागवावी.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. मासेमारीची होडी मत्स्योद्योग खात्याकडे नोंदलेली असते. इतर होड्यांसाठी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स या कार्यालयात चौकशी करावी. नोंद विकणाऱ्याच्या नावे आहे काय, होडीवरील क्रमांक तोच आहे काय, तिच्यावर कर्ज किंवा सरकारी साहाय्याचे बंधन उरले आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. आणि हाताशी असलेली सर्व रक्कम होडीत घालू नये. निदान तिसरा हिस्सा डागडुजी, नांगर व त्याचा दोर, जादा वल्हे, पाणी उपसण्याचे भांडे आणि प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट यांसाठी राखून ठेवावा. नातवंडांची जॅकेटे त्यांच्या मापाची असावीत. थोरांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते.

इथवर मी जे लिहिले ते कोणीही अनुभवी नावाडी सांगेल. यापुढे जे लिहितो ते सांगण्यास मला संकोच वाटतो. पण त्या पत्रातील 'त्याच चर्चमध्ये मिस्सेला येणारे' हे शब्द वाचल्यापासून ते मनातून जात नाही.

1976 सालच्या ऑक्टोबरात, पावसाळा सरल्यावर, मी रायबंदरास राहत असताना माझी पहिली होडी घेतली. हिरव्या रंगाची, ओळखीच्या माणसाकडची, म्हणून न पारखता घेतली. तिसऱ्या रविवारी मी व माझा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ भर ओहोटीत नदीच्या मध्यावर असताना एका फासळीच्या बुडाशी फळी फुटली. घोट्यापर्यंत आलेले पाणी पाहता पाहता गुडघ्यापर्यंत आले. भाऊ डब्याने पाणी उपसत होता आणि माझ्याकडे न पाहता पुनःपुन्हा विचारीत होता, ''दादा, पोचू ना?'' तिसऱ्या काढून परतणाऱ्या एका होडीने आम्हांस घेतले म्हणून मी हे लिहितो आहे.

ज्याने मला ती विकली त्याला मी मनात काय काय म्हटले असेन! आणि मी काय केले? फुटलेल्या जागी पत्र्याचा तुकडा ठोकला, वर डांबर लावले, त्यावर तोच हिरवा रंग दिला आणि महिन्याभरात ती चोडणच्या एका शेतकऱ्यास विकली. त्याने विचारले, ''काही दोष नाही ना?'' मी म्हणालो, ''आपण पाहिलीच आहे.'' हे वाक्य खोटे नव्हते, आणि तेच त्यातील विष होते.

त्या शनिवारी कुमसारास गेलो. इतर गोष्टींच्या रांगेत ही गोष्टही हळूच सांगितली. फादरांनी विचारले, ''त्याने होडी पाण्यात घातली का?'' मी म्हणालो, ''सोमवारी घालणार आहे.'' ते म्हणाले, ''मग येथे गुडघे टेकून काय करतोस? आधी पलीकडे जा, मग ये.'' दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने मी चोडणला गेलो व त्या माणसाला सर्व सांगितले. तो रागावला नाही. घरातून कोयता आणून त्याने माझ्यादेखत पत्रा उचकटला आणि खालची फळी पाहिली. मी अर्धी किंमत परत केली. गावच्या सुताराने नवी फळी बसविली आणि ती होडी त्या शेतकऱ्याने पुढे पुष्कळ वर्षे वापरली. त्याने मला एकच विचारले, ''त्याच दिवशी का नाही सांगितलेत?'' त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे : वस्तूतील दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे काय? त्यांचा निर्णय असा की दोष उघड दिसणारा असेल व किंमत त्या मानाने कमी घेतली असेल, तर न सांगितल्यास चालेल. पण दोष लपलेला असून त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. कोसळू पाहणारे घर भक्कम म्हणून विकणे त्यांनी त्यात गणले आहे. आपण लहानपणी शिकलो की मालात फसविणे म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग, चोरी. खुर्ची किंवा घड्याळ विकताना ते खरे आहे. पण होडीचा दोष लपविणारा पाचव्या आज्ञेच्याही उंबरठ्यावर उभा असतो, कारण त्या फळीवर कोणाची तरी मुले बसणार असतात.

म्हणून, बेळगावच्या बंधूंनो, आपल्या चिरंजीवांस असे सांगा. विकणारे गृहस्थ आपल्या चर्चमधील आहेत हे परीक्षा टाळण्याचे कारण नव्हे. मोकळेपणाने विचारण्याचे मात्र ते उत्तम कारण आहे. त्यांना तीन प्रश्न विचारावेत. ही होडी कोठे कोठे दुरुस्त केली आहे? ती आपण का विकता? आणि आपल्या मुलांना घेऊन आपण आज हिच्यातून पलीकडे जाल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत घेऊ नये; त्यांच्यासह एक फेरी मारून घ्यावे. होडी प्रामाणिक असेल तर या प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही. दोष निघाला तर तो उघड्यावर मांडून किंमत ठरवावी; ठिगळ दिलेली होडी घेण्यास हरकत नाही, गालीलच्या कोळ्यानेही ती वापरली.

होडी घेतल्यावर पहिला महिना एकट्याने, दुसऱ्या कोणा जाणत्याच्या सोबतीने, पणजीच्या वरच्या अंगास संथ पाण्यात घालवावा. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्यावाचून निघू नये. ते आता हातातील फोनवरही मिळते. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाकडे फिरकू नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेथे मुलांना पाण्यात हात घालू देऊ नये. मोठ्या जहाजाची लाट आली तर ती बगलेवर न घेता नाळेवर घ्यावी. एवढे सांभाळल्यास एखाद्या संध्याकाळी गळाला शेवटा किंवा काळुंदर लागेल, आणि नातवंडांचा ओरडा काठापर्यंत ऐकू येईल.

29 जूनला संत पेत्राचा सण येतो. त्या दिवशी गोव्यातील काही नदीकाठच्या गावी होड्या एकमेकींस बांधून सांगोड करतात आणि त्यावर गाणी व नाटके होतात. चिरंजीवांनी आपली होडी फादरांकडून अवश्य आशीर्वादित करून घ्यावी. पण त्याच्या आदल्या दिवशी ती एकदा उलटी करून, चाकू घेऊन, तळ तपासावा. आशीर्वाद हा काथ्या आणि राळेचा पर्याय नव्हे. आणि पुढे कधी ती होडी विकण्याची पाळी आली, तर विचारण्यापूर्वीच दोष सांगावा. निदान त्यासाठी पहिल्या फेरीबोटीने जाण्याची वेळ येऊ देऊ नये.