दहा फुटी खोलीतील बॅटरी

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील चाळीत २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, आग लागून पंधरा वर्षांचा मुलगा दगावला. आगीत सापडलेल्या वस्तूंत विद्युत वाहनांच्या तीन बॅटऱ्या होत्या.

रिमोटच्या मोटारींच्या शर्यती खेळणारे जाणते हौशी लिथियमची चिमुकली बॅटरीही अग्निरोधक पिशवीत, नजरेसमोर चार्ज करतात. कारण बिघडलेली बॅटरी एकदा तापू लागली की स्वतःच्याच उष्णतेने पेटते. मग कितीतरी मोठ्या बॅटऱ्या निजायच्या खोलीत का येतात? निष्काळजीपणा, हे सोपे उत्तर झाले. खरे असे की, चाळकऱ्याला वाहन परवडते, जागा परवडत नाही. विद्युत वाहनांना सवलती देणाऱ्या राज्य शासनाने अशा वस्त्यांसाठी घराबाहेर सामायिक चार्जिंगची सुरक्षित सोय करणे, हा त्याच धोरणाचा उर्वरित खर्च होय. शासनाने तो टाळला, तर जोखमीच्या रूपाने तो दहा फुटी खोलीतील कुटुंबाच्याच माथी बसेल.