रमाबाईंचा प्रश्न आणि नायसियाचे उत्तर

२०२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली आणि समाजमाध्यमांवर जुन्या दंतकथांना नवा बहर आला. सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवले, बायबलात कोणते ग्रंथ घ्यायचे हे त्याच सभेत ठरले, इत्यादी. दोन्ही विधाने चुकीची आहेत. परंतु हा धागा केवळ ती खोडण्यासाठी लिहिलेला नाही. नायसियात मिटला असे सांगितले जाते तो प्रश्न १५६० वर्षांनी एका मराठी विदुषीने इंग्लंडमधल्या जोगिणींपुढे पुन्हा उभा केला. पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून आपण हे प्रकरण जवळजवळ गाळून टाकले आहे, ही माझी तक्रार.

आधी मूळ वाद. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात आरियस नावाचा एक धर्मगुरू शिकवीत होता की, पिता तेवढा अनादी; पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही निर्माण केलेलाच. त्याचा बिशप अलेक्झांडर याच्या मते पुत्रही पित्याइतकाच अनादी होता. हा शब्दच्छल वाटेल, पण ज्यांच्यासाठी उद्धार हा जिवाचा प्रश्न होता त्यांना तो तसा वाटला नाही. जो स्वतःच निर्मित, तो निर्मितांना कसा तारणार? उलट पुत्र पित्यासारखाच पूर्ण देव असेल, तर देव एक कसा? दोन्ही बाजूंना बायबलमधली वचने सापडत होती.

३२५ मध्ये कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांची सभा बोलावली. सुमारे तीनशे जण जमले. परंपरा ३१८ हा आकडा सांगते. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे सूत्र ठरले. हा शब्द बायबलात कोठेही नाही. बहुतेक सर्वांनी त्यावर सही केली; ठाम नकार देणारे दोन बिशप आणि आरियस यांना हद्दपारी मिळाली. ग्रंथांच्या यादीचा निर्णय या सभेने घेतलाच नाही. नव्या कराराच्या आज मान्य असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम दिसते ती अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात.

वाद मिटला का? मुळीच नाही. काही वर्षांतच आरियसला परत बोलावले गेले. ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झालेला अथनासियस नायसियाच्या सूत्राचा कडवा पुरस्कर्ता. त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, आणि पहिल्यांदा त्याला घालवणारा सम्राट होता खुद्द कॉन्स्टंटाइन. त्या कॉन्स्टंटाइनने मरणापूर्वी, ३३७ मध्ये, बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या बाजूने उभ्या राहिलेल्या निकोमिडियाच्या युसेबियसकडून! पुढे सम्राट बदलला की ‘सनातन’ कोण आणि ‘पाखंडी’ कोण हेही बदलत गेले. ३८० मध्ये थिओडोसियसने आज्ञापत्र काढले आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलची परिषद झाली, तेव्हा कोठे साम्राज्यापुरते हे पारडे स्थिरावले.

आम्हा भंडारेकरांना हे फार परके वाटू नये. चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर इकडचेच, आणि नागदेवाचार्यांनंतर महानुभाव पंथात तेरा आम्नाय कसे झाले हे मोहाडी तालुक्यातला एखादा म्हातारा उपदेशी आजही सांगू शकेल. संस्थापक गेल्यावर त्याच्या वचनाचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न सर्वत्र तोच असतो. मात्र आमच्याकडे त्या भांडणात सैन्य बाळगणारा सम्राट उतरला नाही.

आता वाँटेज. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या संस्थेत राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपली बहुतेक पुस्तके येथे पूर्णविराम देतात: धर्मांतर झाले, पुण्यात गदारोळ झाला, पुढे शारदासदन. प्रत्यक्षात खरे भांडण येथून सुरू होते, आणि ते पुण्याशी नाही, चर्चशी आहे.

१८८५ मधली त्यांची सिस्टर जेराल्डिनशी आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेली पत्रापत्री वाचावी. रमाबाईंना त्रैक्य पटत नव्हते. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी त्यांना शंका होती, आणि अथनासियसच्या नावावरील मतांगीकारातली मांडणी त्यांना बायबलात सापडत नव्हती. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला आहे, प्रत्येक पाद्र्याच्या वा बिशपाच्या तोंडचा शब्द नव्हे, ही त्यांची भूमिका. जोगिणींच्या क्रुसावरचा लेख लॅटिनमध्येच का, माझ्या संस्कृतात का नको, असाही त्यांचा सवाल होता. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या मुलीने प्रमाण मागावे यात नवल ते काय? शास्त्रार्थात ‘गुरू म्हणतात म्हणून’ हे उत्तर प्रतिवादीला कधी पुरे पडलेले नाही.

जेराल्डिनबाईंनी या शंकांवर निदान काय केले? अहंकार आणि आज्ञाभंग. पाखंड्याच्या माथी गर्व मारण्याची ही चाल आरियसच्या काळाइतकी जुनी आहे. बीलबाई अधिक समजूतदार निघाल्या. त्यांनी युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

आणि येथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे. ज्याला ‘अथनासियसचा मतांगीकार’ म्हणतात तो अथनासियसचा नाहीच! अथनासियस ग्रीक लिहिणारा. हा मजकूर मूळ लॅटिन, त्याच्या मृत्यूनंतर पश्चिमेकडे तयार झालेला. डच पंडित व्हॉसियस याने १६४२ मध्येच हे दाखवून दिले होते. तरीही अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार तो वर्षातून १३ दिवस म्हणायचा असे. जो हे मानणार नाही त्याचा नाश होईल, अशी धमकी त्यात असल्याने १८७० च्या दशकाच्या आरंभी खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये त्याच्या सक्तीवरून कडाक्याचे भांडण झाले होते. म्हणजे रमाबाईंची हरकत ही अर्धवट समजलेल्या नवख्रिस्ती बाईची अडखळ नव्हती. तिच्यामागे इंग्रज विद्वानांची एक फळीच उभी होती. फरक एवढाच की, इंग्रजाने हरकत घेतली तर तो मतभेद, आणि रमाबाईंनी घेतली तर तो हट्ट.

सत्ता कोठे होती ते दुसऱ्या एका प्रसंगात अधिक स्पष्ट दिसते. रमाबाईंनी चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. भारतात पुरुषांच्या भरल्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला हे ऐकावे लागले. नायसियात सम्राट होता, येथे हजारो मैलांवरचे बिशप होते.

मला ठाऊक आहे, यावर काही जण रमाबाईंना लगेच ‘चर्चविरोधी बंडखोर’ बनवतील. तेही खोटे ठरेल. १८९१ च्या सुमारास त्यांना जो धार्मिक अनुभव आला त्यानंतर त्यांची श्रद्धा उत्कट भक्तीकडे वळली. १८८५ च्या शंका त्यांनी आयुष्यभर जपल्या नाहीत. पण मन पुढे बदलले म्हणून आधीचा प्रश्न उथळ ठरत नाही. एका वर्गचर्चेत मी हा विषय काढला, तेव्हा ‘त्या काळात बाई गोंधळल्या होत्या’ असे एका वाक्यात उत्तर मिळाले. अथनासियस आणि आरियस भांडले की तो धर्मसिद्धान्ताचा इतिहास, आणि रमाबाई भांडल्या की मानसिक गोंधळ! सुधारक म्हणून आपण त्यांना मोठे म्हणतो, विचारवंत म्हणून वाचायला मात्र कचरतो.

साधनांविषयी एक गोष्ट राहिली. चार्वाकांची मते आपल्याला प्रतिपक्षाच्या खंडनातून चाळून घ्यावी लागतात, तसेच आरियसचे. त्याच्या ‘थालिया’ या रचनेचे तुकडे मुख्यतः अथनासियसनेच, खोडून काढण्यासाठी, उद्धृत केले म्हणून उरले. रमाबाईंची पत्रेही त्यांच्या वादातल्या प्रतिपक्षानेच, म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांनी, संकलित करून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध केली. जेराल्डिनबाईंच्या टिप्पण्या बोचऱ्या आहेत, पण रमाबाईंची उत्तरे त्यांनी जाळली नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गेल्या नवरात्रात चौंडेश्वरीच्या यात्रेचा गलबला चालू असताना मी तो खंड दुसऱ्यांदा वाचून संपवला.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर थेट मूळ भाषांतून केले. आधीच्या मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी बाजूला सारले. साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी स्वतः खिळे जुळवलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.