अज्ञात तोट्याचा आकडा सभासदांना कळू द्या



परवा फडावर एका सभासदाने मला अडवून विचारले, "साहेब, काट्यावर ऊस तुम्ही मोजता, पोती पण तुम्हीच मोजता. मग मधली साखर जाते कुठं?" मी शेतकी खात्याचा माणूस, लॅबोरेटरीचा नव्हे. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

उसातून साखर किती आली हे कोणत्याच काट्यावर थेट दिसत नाही. वजन कळते ते उसाचे, मिलवर सोडलेल्या पाण्याचे आणि मिश्र रसाचे. बगॅस सहसा मोजत नाहीत. ऊस अधिक पाणी, त्यातून रस वजा, उरले ते बगॅस! रसाची आणि बगॅसची पोल लॅबमध्ये काढली, की उसातली साखर हिशेबाने निघते. त्यातून पोत्यांतली साखर, पॅन व टाक्यांतला शिल्लक माल (हा पुन्हा अंदाजानेच), आणि बगॅस, प्रेसमड, मळी यांतून गेलेली साखर वजा करायची. एवढे करून जे उरते, त्याला 'अज्ञात तोटा' म्हणतात.

आता गंमत पहा. समजा १००० टन ऊस, ३०० टन पाणी आणि रस १०२० टन. म्हणजे बगॅस २८० टन. रसाच्या काट्याने १० टन जादा दाखवले, तर साडेबारा टक्के पोलने सव्वा टन साखर कागदावर वाढली. बगॅस १० टनांनी घटले, दोन टक्क्यांनी तिकडे ०.२ टन कमी झाली. फरक सुमारे एक टन, म्हणजे उसावर ०.१ टक्का! तोटा नसताना पॅनमनला बोलणी बसायची. आणि काटा उलटा चुकला, रस कमी दाखवू लागला, तर? मग खरी गळती झाकली जाते. हे जास्त वाईट. पॅनमधून उडालेली साखर कंडेन्सरच्या पाण्यात जात राहते आणि तक्त्यात सारे आलबेल!

त्यासाठी दुसरी साक्ष हवी. कंडेन्सरच्या पाण्याला अल्फा नॅफ्थॉलची चाचणी लावली, की साखरेचा अंश जांभळ्या कड्याने दिसतो. खर्च थोडा आहे, पण पाळीपाळीला न चुकता केली तरच तिचा उपयोग.

आमच्याही खात्याचे हेच. बांधावरचे दोन ऊस टोचून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहिला म्हणजे फड पक्व झाला असे नाही. आत शिरून, शेंड्याकडचा व बुडख्याकडचा असे दोन्ही ब्रिक्स घ्यायला हवेत. आमची पोरे पाचटात शिरायला कंटाळतात, हे मी इथेच कबूल करतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये एफआरपी ठरवला. म्हणजे ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. खरी गळती ही अशी सभासदाच्या खिशातून जाते.

काही जाणकार म्हणतात, हा आकडा छापला तर गावोगाव चर्चा होईल. होऊ दे की! दर पंधरवड्याला या पत्रिकेत अज्ञात तोट्याचा आकडा आणि रसाचा काटा शेवटचा कधी तपासला ती तारीख, एवढे दोन रकाने छापावेत, अशी संचालक मंडळाला माझी विनंती आहे. फडातल्या ब्रिक्सचा रकाना आमचे खाते भरून देईल.